टाइम लावता का काका?

सकाळी सहाला नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर चालत होतो, एक पोरगं धावत आलं आणि म्हणालं, "काका, मोबाईलवर सोळाशे मीटरचा टाइम लावता का?"

पोलीस भरतीची तयारी करतंय, गाव सुरगाण्याकडचं. मी उभा राहिलो, पोरगं पळालं. शेवटच्या फेरीत तोंड वासलेलं, एका बुटाचा सोल दोऱ्याने शिवलेला, पण पाय काही थांबेना. 5 मिनिटं 42 सेकंद. खिशातून पेन काढून त्याने घामेजल्या तळहातावर आकडा लिहिला, वर कालचा 5:49 अजून पुसट दिसत होता.

आणि मी काय बोललो तर, जागा कमी पोरं जास्त, दुसरंही काहीतरी बघून ठेव.

तो शांतपणे म्हणाला, "ते सगळेच सांगतात काका, टाइम कोणी लावत नाही."

दिवसभर ऑफिसात तेच डोक्यात. आपल्याच जिल्ह्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत 2010 च्या एशियाडमध्ये दहा हजार मीटरला सिल्व्हर घेऊन आली, चांदवड तालुक्यातला दत्तू भोकनळ विहिरी खोदायचा, सैन्यात गेल्यावर रोइंग, म्हणजे नाव वल्हवायची शर्यत, शिकला आणि 2016 ला रिओ ऑलिम्पिकला पोचला. त्यांच्यासाठीही कुणीतरी घड्याळ धरून उभं राहिलंच असेल ना. आपण मेडल आलं की फोटो टाकतो, त्याआधीच्या सकाळी कुठे असतो?

सात सेकंद कमी केले होते त्याने, आणि शाबास म्हणायचं माझं राहूनच गेलं.

उद्या सहाला परत जातोय. तुमच्या आसपास आहे का असं कुणी?