मामांचा कागद

"मॅडम, एकोणीस वर्षं झाली मला इथं. आता माझी चौकशी?"

आमच्या शिपाई मामांनी असं विचारलं आणि मला काही सुचेना. बदलापूरच्या शाळेत दोन चिमुकल्या मुलींवर लैंगिक अत्याचार झाल्यानंतर, ऑगस्ट २०२४ मध्ये, शासनाचा आदेश आला. आमच्या शाळेतल्या सगळ्यांची पोलीस पडताळणी गोळा करायचं काम माझ्याकडे आलं. शिक्षकांनी कुरकुरत का होईना, कागद आणून दिले. मामा मात्र मनातून दुखावले होते.

मी त्यांना माझा कागद दाखवला. माझ्याही घरी हवालदार येऊन गेले होते. सोलापुरात, आमच्या साखर पेठेत, दारात पोलीस दिसले म्हटल्यावर समोरच्या आजी घाबरून धावत आल्या होत्या. "तुमच्यावर संशय नाही मामा, ही पोरांसाठी आहे," एवढंच मी म्हणाले. दुसऱ्या दिवशी ते आधार कार्ड घेऊन आले.

संगणकावर दोघं बसलो. आधारवर पत्ता अक्कलकोट तालुक्यातल्या गावचा, राहणं अशोक चौकाजवळ. शहराचं पोलीस आयुक्तालय वेगळं, ग्रामीणचे पोलीस वेगळे. त्या दिवशी मला पहिल्यांदा जाणवलं, की हा कागद मुख्यतः त्या हद्दीतल्या नोंदींवरच बोलतो. लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंद २०१८ पासून आहे, पण ती पोलिसांसाठी. शाळेला ती उघडून बघता येत नाही. म्हणून मी आता नव्या माणसाला आधी कुठं राहिलात, कुठं काम केलंत, तेही लिहून मागते आणि जुन्या शाळेत स्वतः फोन करते.

पॉक्सोच्या, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारांपासून वाचवणाऱ्या कायद्याच्या, २०२० च्या नियमांत स्पष्ट आहे: शिकवणारा असो वा नसो, कायम असो वा कंत्राटी, पडताळणी प्रत्येकाची, आणि तीही ठराविक काळाने पुन्हा पुन्हा. आपण मात्र रुजू होतानाचा एक कागद फाइलला लावतो आणि विसरतो. बीएड, टीईटी, सगळी छाननी शिक्षकाची. बदलापुरातला आरोपी कंत्राटी सफाई कामगार होता.

आमच्याकडच्या कितीतरी आया विड्या वळतात, वडील यंत्रमागावर. सकाळी पोरगं रिक्षात बसवलं की त्यांचा जीव दिवसभर आमच्या हवाली असतो. आमच्यातल्या कुणाचा कागद बघायला त्या कधी येणार नाहीत. म्हणून तो मी बघायचा, अगदी रिक्षावाल्या काकांचासुद्धा. संस्थेत काहींना हे जास्त वाटतं. मला वाटत नाही.

मामांचं प्रमाणपत्र आलं तेव्हा त्यांनी ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आणलं. पुढच्या जूनमध्ये पुन्हा भरायचंय, हे त्यांनीच मला सांगितलं.

राहिलेत गॅदरिंगला नाच बसवणारे सर. काल फोन केला. आठ शाळांत शिकवतात, आजवर कुणी मागितलं नव्हतं म्हणाले. सोमवारी फॉर्म भरायला येतायत. सराव त्यानंतर.