आई-बाबांना घेऊन बेअर लेक आणि अल्बर्टा फॉल्स : माझा अनुभव

आई-बाबा सांगलीहून आमच्याकडे अमेरिकेत, कोलोरॅडोतल्या डेन्व्हरला यायचं ठरलं, तेव्हाच मी नवऱ्याला सांगून टाकलं की या वेळी नुसते मॉल आणि देवळं नकोत, त्यांना डोंगरातलं तळं दाखवायचं. तेही गाडीच्या काचेतून नाही, पायी जाऊन. आई सत्तरीला टेकलेली, एक गुडघा अधूनमधून धरतो. बाबांना रक्तदाबाची गोळी. बरोबर दुसरीतली लेक आणि अर्धा वेळ नवऱ्याच्या पाठीवर बसणारा धाकटा. एवढ्या सगळ्यांना झेपेल अशी जागा म्हणजे रॉकी माउंटन नॅशनल पार्कमधला बेअर लेकचा परिसर. 2024 च्या जुलैत आम्ही जाऊन आलो. ज्यांच्याकडे उन्हाळ्यात आई-वडील किंवा सासू-सासरे येणार आहेत त्यांना उपयोग व्हावा म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

सगळ्यात आधी परमिट. उन्हाळ्यात या पार्कमध्ये नुसतं गाडी काढून जाता येत नाही, वेळ ठरवून आरक्षण घ्यावं लागतं. त्यातही दोन प्रकार आहेत, आणि इथेच नीट लक्ष द्यायला हवं. एका परमिटमध्ये पार्कचा बाकीचा भाग येतो, पण बेअर लेक रोड येत नाही. दुसऱ्यात बेअर लेक रोडही येतो. आपल्याला हवं ते हे दुसरं. त्या वर्षी बेअर लेक रोडसाठी पहाटे 5 ते संध्याकाळी 6 या वेळेत परमिट लागत होतं. जुलैची आरक्षणं 1 जूनला सकाळी 8 वाजता सरकारी संकेतस्थळावर खुली झाली. मी आदल्या रात्रीच खातं उघडून, कार्डाचे तपशील भरून ठेवले होते, आणि 8 च्या ठोक्याला नवरा एका लॅपटॉपवर, मी दुसऱ्यावर. सकाळी 7 ते 9 ची वेळ मिळाली. त्या दोन तासांत कधीही आत शिरायचं, बाहेर कधी पडायचं याला बंधन नाही. खर्च फक्त 2 डॉलर, आणि परमिट माणशी नसून गाडीला असतं, त्यामुळे आम्हा सहा जणांना एकच पुरलं. पार्कचं प्रवेशशुल्क वेगळं, तेव्हा गाडीला दिवसाचे 30 डॉलर होते.

ज्यांना महिनाभर आधी जमत नाही त्यांनी निराश होऊ नये. त्या वर्षी साधारण 40 टक्के परमिटं राखून ठेवलेली होती आणि ती आदल्या दिवशी संध्याकाळी 7 वाजता मिळत होती. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाने तशीच घेतली. हे नियम दरवर्षी थोडेफार बदलतात, म्हणून निघण्याआधी पार्कच्या पानावर एकदा नजर टाकाच.

परमिटपेक्षाही मला जास्त काळजी होती ती उंचीची. डेन्व्हर शहरच 5280 फुटांवर आहे. आपलं कळसूबाई 5400. म्हणजे आई-बाबा विमानतळावर उतरले तेव्हाच जवळजवळ कळसूबाईच्या माथ्यावर पोचले होते! बेअर लेक त्याच्याही कितीतरी वर, 9475 फुटांवर. तिथे हवेत ऑक्सिजनचं प्रमाण तेच असतं, पण हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण 70 टक्केच उरतो, म्हणून प्रत्येक श्वासात मिळणारा ऑक्सिजन कमी पडतो. धाप लागते, डोकं दुखतं, झोप नीट लागत नाही. म्हणून आल्या आल्या त्यांना वर न्यायचं नाही हे पक्कं होतं. आधी दोन आठवडे घरी, संध्याकाळी गल्लीतून फेऱ्या, पाणी भरपूर. बाबांच्या डॉक्टरांशी आधीच फोनवर बोलून घेतलं. ते म्हणाले, गोळी चुकवू नका, हळू चाला, छातीत काही वाटलं किंवा डोकं फार दुखायला लागलं तर लगेच खाली उतरा. मग आदल्या रात्री एस्टेस पार्क गावात मुक्काम केला. हे गाव साडेसात हजार फुटांवर आहे, त्यामुळे शरीराला एक पायरी मध्ये मिळते. शिवाय पहाटे डेन्व्हरहून दीड तास गाडी हाणण्याची दगदग वाचते.

घाट चढताना मागच्या सीटवर लेक ओरडली, "आबा, बाकरवडी फुटेल!" सांगलीहून आणलेलं पाकीट टम्म फुगलं होतं, दाबलं तर बोट आत जाईना. बाबा भूगोलाचे शिक्षक होते. त्यांनी ते पाकीट हातात घेऊन तिला शांतपणे समजावलं, की आतली हवा सांगलीची आहे आणि बाहेरची इथली, आतली जोर करतेय कारण बाहेरून दाबणारी कमी झाली. मग म्हणाले, "आपल्या छातीचंही तेच, म्हणून उद्या सावकाश चालायचं." मी गेले कित्येक दिवस हेच सांगत होते, पण खरं पटलं ते त्या पाकिटामुळे. दुसऱ्या दिवशी लेक सगळ्यांना सावकाश चालायला लावत होती.

सकाळी लवकर निघालो. फाटकावर परमिट फोनवर दाखवलं (घरीच उतरवून ठेवा, आत नेटवर्क नसतं) आणि थेट पार्क अँड राइडच्या मोठ्या वाहनतळावर गाडी लावली. बेअर लेकच्या दाराशी पार्किंग आहे, पण उन्हाळ्यात ते अगदी सकाळीच भरतं, तिथे घिरट्या घालण्यात अर्थ नाही. तळावरून पार्कची मोफत बस दर दहा-पंधरा मिनिटांनी सुटते. आईला बस फार आवडली. दोन्ही बाजूंना लॉजपोल पाइनची सरळसोट झाडं, आणि बसमधले सगळेच लोक सुप्रभात म्हणणारे.

बेअर लेक बसथांब्यापासून अगदी हाकेच्या अंतरावर आहे. समोर 12,713 फुटांचा हॅलेट पीक, आणि सकाळी वारा पडलेला असला की तो अख्खा पाण्यात उलटा दिसतो. तळ्याभोवती पाऊण मैलाची वाट आहे. ज्यांना चढ अजिबात नको त्यांनी एवढंच केलं तरी दिवस सार्थकी लागतो. आम्ही मात्र निम्फ लेकला निघालो. अर्धा मैल वाट, सव्वादोनशे फुटांचा चढ. वाट रुंद आणि चांगली राखलेली आहे, पण तिथे बाबागाडी नेऊ नका, मुलाला पाठीवर घ्यायची झोळी बरी.

सव्वादोनशे फूट ऐकायला काहीच नाहीत. त्या उंचीवर मात्र ते जाणवतात. आम्ही ठरवलं होतं की वेग आईचा. ती थांबली की सगळे थांबणार, "चल ना लवकर" कुणी म्हणणार नाही. नवरा पुढे न जाता मुद्दाम तिच्या मागे चालत होता आणि दर वळणावर म्हणत होता, "आई, बसा दोन मिनिटं, मलाच दम लागलाय." तिला ते कळत होतं, तरी ती बसत होती. दगडावर बसून पाण्याचे दोन घोट, गुळाचा खडा, चार शेंगदाणे, की पुन्हा चालायचं. पाऊण तास लागला आम्हाला. धावत जाणारी तरुण मुलं बाजूने गेली, आमच्याहून मोठे वाटणारे एक आजोबा दोन काठ्या टेकत गेले. आईने त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि उठून उभी राहिली.

निम्फ लेक लहानसं आहे, आणि जुलैत त्याच्यावर कमळाच्या जातीची पानं पसरलेली असतात, मधे मधे पिवळी फुलं. आई काठावरच्या आडव्या ओंडक्यावर बसली ती उठेचना. "एवढ्या उंचावर कमळं कशी गं आली?" बाबांनी मग हिमनदी कशी खडक खरवडत उतरते, मागे खळगा ठेवते, त्यात पाणी साचतं, वर्षानुवर्षं गाळ बसतो आणि त्यात मुळं धरतात, असा सगळा धडा घेतला. शेजारी बसलेल्या एका अमेरिकन जोडप्यालाही त्यात रस वाटला, तर लेक त्यांना इंग्रजीत सांगू लागली. नवरा आणि लेक मग पुढे ड्रीम लेकला गेले, आणखी सहा दशांश मैल. आम्ही तिथेच थांबलो. सगळ्यांनी सगळं बघितलंच पाहिजे हा हट्ट सोडला, की मोठ्यांना आणि लहानांना दोघांनाही तो दिवस आपला वाटतो, हे मला मनापासून सांगायचं आहे.

खाली येऊन बसने एकच थांबा मागे आलो, ग्लेशिअर गॉर्ज. इथून अल्बर्टा फॉल्स आठ दशांश मैलांवर, चढ दोनशे फुटांच्या आसपास. ही वाट मला तळ्याच्या वाटेपेक्षाही आवडते, कारण तिच्यावर अ‍ॅस्पेनची झाडं आहेत. पांढरीशुभ्र साल, आणि जराशा वाऱ्याने पिंपळासारखी सळसळणारी पानं. कारण पानाचा देठ लांब आणि चपटा. पण जवळ जाऊन पाहिलं तर त्या पांढऱ्या सालींवर माणसांनी नावं कोरलेली. झाडाने ती जखम भरली आहे, पण भरताना अक्षरं काळी, जाड आणि खरबरीत झाली आहेत, झाड वाढेल तशी रुंद होत गेलेली. बाबांनी एका अक्षरावरून अंगठा फिरवला. "आपल्या गडांवर भिंती, इथे झाडं," एवढंच म्हणाले. वाईट वाटलं सगळ्यांनाच. लेकीला मी तिथेच सांगितलं की कोरलेल्या जागेतून झाडाला रोग लागतो.

धबधबा नजरेला पडायच्या आधी कानाला लागतो. उंची म्हणाल तर तीसेक फूटच, आंबोलीच्या धबधब्यापुढे काहीच नाही. पण पाण्याचा जोर विलक्षण. आपल्याकडचा धबधबा पावसाचा, इथला उन्हाचा. डोंगरावरचं बर्फ जून-जुलैच्या उन्हात वितळतं आणि ग्लेशिअर क्रीकमधून खाली येतं, म्हणून आकाश कोरडं असतानाही पाणी दणदणत असतं, आणि शरदात तेच बारीक होतं. पाण्यात हात घातला तर मिनिटभरही ठेववत नाही. हे नाव अल्बर्टा स्प्रेग या बाईंचं. त्यांचे यजमान अ‍ॅबनर स्प्रेग या खोऱ्यात सुरुवातीला येऊन राहिलेल्यांपैकी. आईला हे फार आवडलं, की धबधब्याला एका गृहिणीचं नाव आहे.

धबधब्याजवळचे खडक गुळगुळीत आणि ओले असतात. मुलांचा हात सोडू नका, फोटोसाठी कडेला तर अजिबात जाऊ नका. आम्ही चांगलं मागे, सपाट खडकावर बसून धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. लगेच दोन-तीन चिपमंक, म्हणजे खारीसारखे छोटे प्राणी, जवळ आले. धाकट्याने शेंगदाणा पुढे केला, तो मी अलगद काढून घेतला. पार्कमध्ये प्राण्यांना खायला घालायला मनाई आहे, आणि ती योग्यच आहे. माणसाच्या खाण्याला चटावलेले प्राणी आजारी पडतात, चावतात, स्वतःचं अन्न शोधायचं सोडतात. तो जरा रडला, पण आजीने त्याला मांडीवर घेऊन ते काय खातात त्याची गोष्ट रचून सांगितली. फळांची सालंसुद्धा आम्ही पिशवीत भरून परत आणली.

बाराच्या आधी परत बसपाशी पोचायचं हे ठरलेलं होतं. उन्हाळ्यात इथे दुपारी ढग झपाट्याने जमतात आणि विजा पडतात, म्हणून उंचावरून दुपारच्या आत उतरावं असं पार्कही सांगतं. आम्ही बसमध्ये चढलो तेव्हा पश्चिमेला काळं झालं होतं. तळावर गाडीत बसेपर्यंत गारा सुरू झाल्या. पाचच मिनिटं, पण टपोऱ्या. आईने काच खाली करून एक गार झेलली आणि तोंडात टाकली.

ज्यांच्या आई-वडिलांना एवढंही चालणं जमणार नाही, त्यांनी याच रस्त्यावरच्या स्प्रेग लेकला जावं. अर्ध्या-पाऊण मैलाची सपाट वाट आहे, चाकाची खुर्ची अख्ख्या तळ्याभोवती फिरते, आणि समोर बर्फाचे डोंगर तेच दिसतात. पुढच्या वर्षी मावशी येणार आहे, तिची दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली आहे. तिला आम्ही तिथेच नेणार, आणि परमिटची तारीख आईने स्वतःच्या वहीत आत्ताच लिहून ठेवली आहे.