वरवंटा, टॉवेल आणि पाण्याखालचा पहिला कॅमेरा

आमच्या गल्लीत नळाला पाणी चार-पाच दिवसांआड येतं. मागच्या नोव्हेंबरात असंच पाणी आलं, हौद काठोकाठ भरला आणि मी त्यात आईचा वरवंटा सोडला. वरवंट्याला सुतळीने बांधलेला एक पारदर्शक प्लॅस्टिकचा डबा, आत टिश्यू पेपरच्या दोन घड्या. आई दारात उभी राहून बघत होती. "पाण्याची एवढी मारामार, आणि हा त्यात डबडी बुडवतोय," एवढंच म्हणाली.

ती डबडी म्हणजे माझ्या कॅमेऱ्याचं हाउसिंग, पाण्याखाली कॅमेरा ज्यात ठेवतात ती जलरोधक पेटी. रिकामं असलं की ते तरंगतं, म्हणून वरवंटा. कॅमेरा न घालता आधी नुसतं हाउसिंग बुडवून बघायचं, टिश्यू कोरडा निघाला तरच पुढचं. हौद जेमतेम चार फूट खोल आहे, पण तेवढंही चालतं. खोल गेल्यावर पाण्याचा दाबच झाकण घट्ट आवळतो. हाउसिंग गळायचं असलं तर बऱ्याचदा ते वरच्या पाण्यातच गळतं.

मी सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात डिस्पॅच बघतो. डायव्हिंगचं वेड तारकर्लीला लागलं. तिथे पर्यटकांना हात धरून खाली नेतात ना, तसा एकदा गेलो आणि वर आलो तो कोर्स करायचं ठरवूनच. सोलापूर, सांगोला, मिरज, कोल्हापूर, मग फोंडा घाट उतरून कणकवली, मालवण. रात्रभर गाडीत अंग आंबून जातं, पण जातो.

कॅमेरा मात्र लगेच घेतला नाही, आणि नव्याने शिकणाऱ्यालाही मी हेच सांगतो. पाण्यात एका जागी तरंगत थांबता येत नसेल, तर हातात कॅमेरा म्हणजे प्रवाळावर आपटायला एक निमित्त. मी पंधरा डाइव्ह नुसतं बघत काढल्या. त्याआधी एकदा मोबाईलचं पाऊच करून पाहिलं होतं. पाण्याच्या दाबाने पिशवी स्क्रीनला चिकटते आणि बोट कुठे लागतंय हे फोनला कळेनासं होतं. पूर्ण डाइव्हभर माझ्याच अंगठ्याचा व्हिडिओ निघाला.

मग बजेट ठरलं ३५ हजार. दिवाळीचा बोनस आणि मोडलेली आरडी.

सगळे म्हणाले गोप्रो घे, तो मुठीएवढा ॲक्शन कॅमेरा. व्हिडिओला ती उत्तमच आहे, केसशिवायही १० मीटरपर्यंत चालते, केस लावली की ६० मीटर. पण तिचा फोकस ठरलेला असतो. वीतभर अंतरावरची वस्तू धूसर येते. आणि मालवणचं पाणी पुष्कळदा गढूळ असतं, लांबचं दिसत नाही. अशा पाण्यात फोटो मिळतात ते हातभर अंतरावरच्या बारीक जिवांचे. मला तेच हवे होते.

शेवटी ऑलिंपसचा टीजी-६ घेतला, तोही जुना. २०१९ चं मॉडेल. लेन्सपासून एक सेंटीमीटरवरच्या वस्तूवरही फोकस करतो, रॉ फाइल (नंतर रंग हवे तसे सुधारता येतात असा कच्चा फोटो) देतो, आणि हाउसिंगशिवायही १५ मीटरपर्यंत पाण्यात चालतो. ओपन वॉटर, म्हणजे डायव्हिंगचा पहिला कोर्स झालेल्याला १८ मीटरपर्यंत जायची मुभा असते, म्हणजे ते तीन मीटर आडवे येतात. त्यावर उपाय हाउसिंग, ४५ मीटरचं. पुण्यातल्या एका हौशी डायव्हरकडून कॅमेरा २३ हजारांना आणि हाउसिंग ९ हजारांना मिळालं. घेताना बॅटरीचं आणि चार्जिंगचं अशी दोन्ही झाकणं उघडून आतल्या रबरावर नख फिरवलं, बिजागरीत मिठाचे पांढरे कण आहेत का पाहिलं, भिंगाच्या आत धुकं धरलंय का तेही. उरलेल्या तीन हजारांत टॉर्च आणि जादा बॅटरी.

आता माझा मूर्खपणा. मालवणला दुसऱ्या डाइव्हच्या आधी बोटीवर बॅटरी बदलली. हात ओले, हाउसिंग ओलं, म्हणून बॅगेतून टॉवेल काढून सगळं स्वच्छ पुसलं. टॉवेल आमच्याच कारखान्याचा, कोरा, एकदाही न धुतलेला. कोऱ्या टेरी टॉवेलचा लिंट, म्हणजे सुताचे सुटे तूस, किती सुटतो हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक असणार? रोज संध्याकाळी डोक्यावर तोच घेऊन घरी येतो. पाण्यात उतरलो, तीन-चार मीटरवर काचेच्या आतून एक थेंब घसरताना दिसला. मग दुसरा. इन्स्ट्रक्टरला खूण केली, सावकाश वर आलो. हाउसिंगमध्ये अर्धी वाटी पाणी. झाकणाला पाणीबंद करणाऱ्या काळ्या रबरी कड्यावर, ओ-रिंगवर, पांढऱ्या सुताचं एक तूस आडवं पडलेलं होतं, अर्ध्या नखाएवढं. केसाहून बारीक.

कॅमेरा वाचला, कारण तो स्वतःच वॉटरप्रूफ होता. तिथल्या तिथे गोड्या पाण्यात बुडवून ठेवला, संध्याकाळी चालू केला, चालला. साधा कॉम्पॅक्ट असता तर ३२ हजारांपैकी बरेचसे खाऱ्या पाण्यात गेले असते. म्हणून स्वस्तात सुरुवात करणाऱ्याने आतला कॅमेरा पाण्याला न घाबरणारा घ्यावा, भले फोटो थोडा कमी देखणा येवो. चुका आपण करणारच.

तेव्हापासून ओ-रिंग बोटांनीच काढतो, टाचणीने नाही. चष्म्याच्या कापडाने पुसतो आणि सिलिकॉन ग्रीस नुसती चमक येईल इतकंच लावतो. ग्रीस पाणी अडवत नाही, रबर नीट सरकावं म्हणून असतं. जास्त लावलं तर कचराच धरतं. हाउसिंग आदल्या रात्री कोरड्या खोलीत बंद करतो, कारण कोकणातली दमट हवा आत कोंडली की थंड पाण्यात काचेवर वाफ धरते. आत सिलिका जेलची एक पुडी. त्या पुड्या आमच्याकडे एक्स्पोर्टच्या खोक्यांत घालतात, दोन-चार इकडे-तिकडे झाल्या तर शेठ काही म्हणत नाहीत.

प्रकाशाचं एक सांगायचं राहिलं. कारखान्यात रंग जुळवून बघायच्या, शेड मॅचिंगच्या टेबलावरून लालभडक सुताची एक लडी मनगटाला बांधून नेली होती. पाच-सहा मीटरनंतर ती तपकिरी, दहाच्या पुढे काळपट. लाल रंग पाणी सगळ्यात आधी गिळतं. टॉर्च मारला आणि लडी पुन्हा पेटल्यासारखी लाल. कॅमेऱ्यातलं पाण्याखालचं व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंग जुळवायचं सेटिंग, थोडं सावरून घेतं, पण गेलेला रंग टॉर्चच परत आणतो. कॅमेऱ्याचा स्वतःचा फ्लॅश मी बंदच ठेवतो. गढूळ पाण्यात तो समोरचे सगळे कण उजळवतो आणि फोटोत बर्फ पडल्यासारखं दिसतं. टॉर्च बाजूने धरला की हा त्रास बराच कमी. स्ट्रोब, म्हणजे बाजूला लावायचा वेगळा फ्लॅश, घ्यायचाय, पण तो कॅमेऱ्याइतकाच महाग पडतो. पुढच्या बोनसला बघू.

डिसेंबरात कर्नाटकातल्या मुरुडेश्वरहून नेत्राणी बेटाला गेलो. तिथलं पाणी स्वच्छ, कॅमेरा दोन्ही डाइव्हला कोरडा. मधल्या वेळात बोटीवर वारा सुटलेला, मित्र कुडकुडत माझ्या बॅगेकडे बघत होता.

"काय बे, टॉवेल काढ की!"

टॉवेल प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून बॅगेच्या तळाशी होता.

"थांब. आधी झाकण लागू दे."