तुम्ही विचारलंत म्हणून: त्या वर्षी आम्ही गप्प का होतो

दरवर्षी आमच्या अ‍ॅनिमे-मांगा (जपानी कार्टून आणि कॉमिक्स) कन्व्हेन्शनचं रजिस्ट्रेशन सुरू झालं की कुणीतरी विचारतंच. "२०२० मध्ये कन्व्हेन्शन होणार नाही हे शेंबड्या पोरालाही कळत होतं, मग रद्द झाल्याचं इतक्या उशिरा का सांगितलंत?" कधी सरळ विचारतात, कधी वर "पैसे दाबून बसायचं होतं ना" असंही जोडतात. कमिटीतले बाकीचे आता उत्तरच देत नाहीत. पण मेसेजना उत्तरं द्यायचं काम तेव्हा माझ्याकडे होतं, शिव्याही माझ्याच इनबॉक्समध्ये आल्या, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. पुढच्या वेळी कुणी विचारलं की हेच पुढे करेन.

आधी पैशांचं. आमच्याकडे पगार कुणालाच नाही, चेअरला नाही, रात्रभर सिक्युरिटीला उभ्या राहणाऱ्यांना नाही, मलाही नाही. बॅज फुकट मिळतो, स्टाफ रूममध्ये जे उरलं असेल ते खायला मिळतं, बस. आणि तुम्ही जानेवारीत भरलेले पैसे मार्चमध्ये आमच्याकडे नसतातच मुळी. ते हॉलच्या डिपॉझिटमध्ये, जपानहून येणाऱ्या पाहुण्यांच्या विमान तिकिटांत, साउंडवाल्याच्या अ‍ॅडव्हान्समध्ये, बॅज आणि प्रोग्राम बुकच्या छपाईत गेलेले असतात. बँकेत उरतं ते पुढच्या वर्षीच्या पहिल्या हप्त्यापुरतं. दाबून बसायला आधी हातात काहीतरी असावं लागतं ना.

आता उशिराचं. हॉटेल आणि हॉल दोन-तीन वर्षं आधी बुक करावे लागतात हे तुम्हाला माहितीये, पण करारात काय असतं ते सहसा कुणी विचारत नाही. आम्ही हॉटेलला हमी देतो की आमची माणसं तुमच्या इतक्या खोल्या घेतील, त्या बदल्यात पॅनल आणि व्हिडिओ रूमच्या जागा ते स्वस्तात देतात. खोल्या ठरलेल्यापेक्षा कमी भरल्या तर फरक आम्ही द्यायचा. आणि कार्यक्रम आम्हीच रद्द केला तर दंड, तोही चढता, तारीख जितकी जवळ तितका जास्त. यातून सुटायला एकच वाट असते, ती 'फोर्स मेजर'च्या कलमातली: युद्ध, भूकंप, सरकारी बंदी अशा कारणाने कार्यक्रम करणं अशक्य झालं तर दंड न भरता करार मोडता येतो. अशक्य, बरं का. धोक्याचं आहे, मूर्खपणाचं आहे, लोक घाबरलेत, यातलं काहीही त्यात बसत नाही. ११ मार्चला जागतिक आरोग्य संघटनेने महामारी जाहीर केली तरी आमच्या करारापुरतं काहीच बदललं नव्हतं, कारण आमचा हॉल बंद करायचा अधिकार त्या संघटनेला नाही. सरकारी बंदीचा आदेश निघायच्या आदल्या दिवशी आम्ही "रद्द" म्हटलं असतं तर सगळा दंड आमच्या बोकांडी, आदेशानंतर म्हटलं तर काही नाही. आणि तो दंड भरला असता तर संस्थाच बुडाली असती, मग तुमचा रिफंड कुठून आला असता?

"विमा का नव्हता काढला?" होता हो. पण २००३ च्या सार्सच्या साथीनंतर बऱ्याच विमा कंपन्यांनी अशा पॉलिसींमधून साथीचे रोग वगळले, ते हवे असतील तर वेगळे पैसे भरा. विम्बल्डनवाल्यांनी ते वर्षानुवर्षं भरले आणि २०२० मध्ये त्यांना भरपाई मिळाली, सगळ्या जगाने वाहवा केली. आमच्या मीटिंगमध्ये कुणी तसलं काही सुचवलं असतं तर "त्यापेक्षा दोन बरे प्रोजेक्टर घेऊ" असं मीच म्हणाले असते आणि तुम्ही टाळ्या वाजवल्या असत्या.

मग यायचं कॉमिकेट, टोकियोतला फॅन्सनी स्वतः छापलेल्या मांगांचा प्रचंड मेळा. २७ मार्चला त्यांनी मे महिन्यातलं ९८वं कॉमिकेट रद्द केलं, १९७५ पासून पहिल्यांदाच, आणि त्या दिवशी माझ्याकडे येणारा प्रत्येक दुसरा मेसेज "ते सांगू शकतात, मग तुम्ही का नाही" असा. कारण त्यांच्यामागे चाळीसेक वर्षांत जोडलेली माणसं उभी होती! छापून झालेला जाडजूड कॅटलॉग त्यांनी कार्यक्रम नसतानाही विकायला ठेवला. होणारच नसलेल्या कार्यक्रमाचा कॅटलॉग आमच्याकडून कुणी घेतला असता? पुढे त्याच वर्षी अमेरिकेतलं अ‍ॅनिमे एक्स्पोही झालं नाही आणि ओटाकॉनही, पण तोवर आमच्यावरचा राग पक्का झाला होता.

हे सगळं खरं आहे आणि यातला शब्दन् शब्द मी कुणापुढेही बोलू शकते. बोलायला जड जातं ते पुढचं.

आमच्या स्टाफमध्ये एक वकील आहे, एरवी कॉसप्ले (आवडत्या पात्रासारखा वेश करण्याच्या) स्पर्धेचं बॅकस्टेज सांभाळते. तिने आम्हाला बसवून सांगितलं की आपण मनातून रद्द केलंय असं कुठेही लेखी सापडलं तर समोरचे म्हणतील, तुम्ही बंदी यायच्या आधीच माघार घेतली होती, भरा दंड. म्हणून एकच वाक्य ठरलं. "कार्यक्रम सध्या तरी ठरल्याप्रमाणे होणार आहे, बदल झाल्यास कळवू." सगळ्यांना तेच, एक शब्द इकडचा तिकडे नाही. मी ते इतक्यांदा पाठवलं की फोन पहिल्या शब्दावरच पुढचं सुचवायला लागला.

आर्टिस्ट अ‍ॅलीत (फॅन चित्रकार टेबलं मांडून आपलं काम विकतात तो भाग) एक मुलगा यायचा. सुरुवातीला फक्त हाताने काढलेले बुकमार्क घेऊन यायचा, टेबलही दुसऱ्याबरोबर अर्धं वाटून घेतलेलं, मग प्रिंट्स, मग अ‍ॅक्रिलिक चार्म्स. चार्म्स म्हणजे प्लास्टिकची छोटी लटकनं, त्यांचं कसं असतं की कारखाना कमी नग करून देत नाही आणि करायला वेळही भरपूर घेतो, म्हणजे ऑर्डर द्यायची तर तेव्हाच द्यावी लागणार होती. त्याने मला वेगळा मेसेज केला. लिहिलं होतं की या वर्षीच्या थीमवर सगळी डिझाईन्स केलीत, दुसरीकडे ती खपणार नाहीत, साठवलेले सगळे पैसे यात जातील, तेवढं खरं काय ते मला एकट्याला सांग, मी कुणाला बोलणार नाही. मी "थांब" असं टाइप केलं. मग पुसलं. आणि ते वाक्य पाठवलं. त्याचं उत्तर लगेच आलं, "ओके, मग टाकतो ऑर्डर."

फोन का नाही केलास, असं तुम्ही म्हणाल. फोन कुठे लेखी असतो? हे मला तेव्हाही सुचलं होतं. पण त्याला सांगितलं तर शेजारच्या टेबलवालीला का नाही, तिला सांगितलं तर आख्ख्या अ‍ॅलीला का नाही, आणि आख्ख्या अ‍ॅलीला सांगितलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत हॉलच्या मॅनेजरलाही कळते. हे कारण खरं आहे. सोयीचंही आहे. मी तेव्हा दमलेले होते, सकाळपासून शिव्या खात होते, आणि एक ठरलेलं वाक्य पाठवून मोकळं होता येतंय याचं मला बरंच वाटलं होतं, हेही सांगते, नाहीतर हे लिहिण्यात अर्थ नाही.

आदेश आला, आम्ही तासाभरात जाहीर केलं, टेबलाचे पैसे सगळ्यांना परत दिले. चार्म्सचे कोण देणार? तेव्हा त्याचा एकच मेसेज आला, "तुला माहीत होतं का?" मी "नाही" म्हटलं. बंदी येईल हे तोवर नक्की कुणालाच माहीत नव्हतं, म्हणजे ते खोटं नव्हतं. वकीलबाईंनाही विचारून झालंय, त्याही म्हणाल्या खोटं नव्हतं. तो नंतर अ‍ॅलीत आला नाही. त्यामुळेच की दुसऱ्या कशाने ते मला माहीत नाही, आणि त्याला विचारायचा मला हक्क आहे असं वाटत नाही.

यात मला सगळ्यात जास्त छळते ती मीच, जुनी, सुरुवातीच्या वर्षांतली. तेव्हा कन्व्हेन्शन कॉलेजच्या वर्गांत भरायचं आणि प्रोग्राम बुकच्या पहिल्या पानावर मी ठणकावून लिहिलं होतं की इथे गिऱ्हाईक कुणी नाही, सगळे सहभागी. ही कल्पना कॉमिकेटची. तिथे स्टॉल मांडणारा, स्टाफ आणि नुसता बघायला येणारा, तिघांचाही दर्जा सहभागी हाच. आणि कॉमिकेट सुरू झालं तेच मुळी एका मांगा कन्व्हेन्शनने टीका करणाऱ्या एका फॅनला आत घ्यायला नकार दिला म्हणून. पहिल्या वेळी ३२ गट आणि साधारण ७०० माणसं. हा किस्सा मी नव्या स्टाफला दरवर्षी सांगायचे, आयोजक माजले की काय होतं ते बघा म्हणून! ती जुनी मी २०२० मध्ये असती तर पहिल्याच मीटिंगमधून उठून गेली असती आणि बाहेर जाऊन सगळं सांगून टाकलं असतं.

तिला मी सांगते की बाई, तुझ्या वेळी सही करायला करार तरी होता का? कॉलेजच्या शिपायाला सांगितलं की वर्ग उघडून मिळायचे. ती म्हणते, मग एवढं मोठं कशाला केलंत? का म्हणजे, जपानहून व्हॉइस अ‍ॅक्टर आणायचा हट्ट तुझाच होता ना, तो काय वर्गातल्या बाकावर बसणार होता? यावर ती म्हणते, सहभागी माणसाला खरं सांगता येत नसेल तर ते पहिलं पान काढून टाका. ते पान अजून छापलं जातं. काढायचा विषय मी एकदा मीटिंगमध्ये काढला होता, कुणी मनावर घेतलं नाही, मग मीही रेटलं नाही.

नव्या करारात साथीच्या रोगाचा वेगळा उल्लेख आहे आणि दंडाचे टप्पे सैल करून घेतलेत, त्यासाठी खोल्यांची हमी थोडी वाढवावी लागली. ती भरली नाही तर काय, हा प्रश्न या वर्षी तुमच्यातल्या कुणीच विचारलेला नाही. आणि परत तशी वेळ आली तर आर्टिस्ट लोकांना आधी सांगायचं की नाही यावर कमिटीत अजून भांडण चालू आहे. मी एकदा या बाजूने बोलले, एकदा त्या बाजूने, वकीलबाई दोन्ही वेळा तेच म्हणाल्या जे तेव्हा म्हणाल्या होत्या.