उपकारस्तुतीची वही

वही सुरू केली ती हौसेनं. रोज झोपण्यापूर्वी देवाचे पाच उपकार लिहायचे असं ठरवलं होतं. पहिले आठ-दहा दिवस इतकं सुचायचं की पाचावर थांबणं जड जायचं. महिनाभरानं मागची पानं चाळली तर रोज तेच: आरोग्य, घरचे, नोकरी, मंडळी (आमचं चर्च), आजचा दिवस. हजेरीपटच झाला होता तो. तरी लिहीत राहिले. नेम मोडायचा नाही, एवढंच.

मग आईला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. त्या रात्री वहीत तारीख टाकली आणि वही मिटली.

मंडळीतले लोक भेटायला यायचे, प्रार्थना करायचे आणि निघताना हमखास “सर्व स्थितीत उपकारस्तुती करा”, म्हणजे देवाचे आभार माना, हे बायबलमधलं वचन सांगायचे. प्रेमानंच सांगायचे. पण माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. झटक्याबद्दल आभार मानू?

बऱ्याच दिवसांनी ते वचन मी स्वतः उघडून वाचलं. थेस्सलनीकाकरांस पहिलं पत्र, 5:18. पत्र लिहिणारा प्रेषित पौल ‘स्थितीत’ म्हणतो, ‘स्थितीबद्दल’ नाही. लहानपणापासून पाठ असलेलं वचन, आणि हा फरक तेव्हा कुठे दिसला. (इफिसकरांस पत्रात तोच पौल ‘सर्व गोष्टींबद्दल’ही म्हणतो, हे ठाऊक आहे. ते मला अजून पचलेलं नाही.)

त्याच सुमारास बायबलमधलं, दावीदाचं स्तोत्र 13 हाती लागलं. अवघ्या सहा वचनांचं. दावीद देवाच्या उपकारांपर्यंत पोहोचतो खरा, पण शेवटच्या वचनात, सुरुवात ‘कोठवर?’ अशा तक्रारीनं होते. मी वही पुन्हा काढली, पानाच्या मधोमध रेघ मारली. डावीकडे ‘कोठवर’, उजवीकडे उपकार. पहिला आठवडाभर डावी बाजू भरून वाहत होती आणि उजवी कोरी. मला त्याची लाज वाटली नाही. खोटं लिहिण्यापेक्षा ते बरं होतं.

उजवीकडची पहिली ओळ एका गीताची. संध्याकाळच्या प्रार्थनेत आम्ही गायला लागलो आणि आई आमच्याबरोबर गायली. शब्दांसकट! साधं ‘पाणी’ म्हणता न येणारी आई अख्खं कडवं गायली. वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी नंतर सांगितलं की असं होतं. बोलणं गेलेल्या माणसालाही कधी कधी गाता येतं, कारण चालीतून येणारे शब्द मेंदूच्या दुसऱ्या वाटांनीही येऊ शकतात. म्हणजे चमत्कार नव्हे. मी तरी तो उपकारांत लिहिला.

लूकच्या शुभवर्तमानाच्या 17व्या अध्यायातल्या, येशूनं बऱ्या केलेल्या दहा कुष्ठरोग्यांची गोष्ट मी संडे स्कूलमध्ये कितीदा शिकवली असेल. नऊ जण कृतघ्न, एक कृतज्ञ, असं सरळ. आता वाचताना वाटतं, ते नऊ जण तरी काय चुकले? येशूनं ‘याजकांना दाखवा’ म्हटलं, ते निघाले. सांगितलेलं चोख करत होते. त्यांच्यातला एक शोमरोनी, म्हणजे परका, तेवढा आभार मानायला वाटेतून मागे फिरला. रोज पाच ओळी भरणारी मी त्या नऊ जणांतलीच होते.

मग मी मागे फिरायला शिकू लागले. वहीत ज्या माणसाचं नाव येईल त्याच्याकडे दुसऱ्या दिवशी जायचं, नाहीतर निदान फोन करायचा. रात्री आईची कूस बदलणाऱ्या मावशींचं नाव तीनदा लिहून झालं होतं, त्यांना मात्र मी कधी काही म्हटलं नव्हतं. सांगितलं तेव्हा त्या अवघडल्या आणि चादर सारखी करत बसल्या. भावाला फोन करायला सर्वांत जास्त दिवस लागले. पैसे तो वेळेवर पाठवत होता, येत नव्हता. तो दोन्ही बाजूंना होता. फोनवर मी आभार मानले, तक्रारही केली. नंतरच्या रविवारी तो आला. चिडलेला होता, पण आला.

रोज जमतं असं नाही. काही रात्री तारखेपुढे काहीच नसतं.

आई हल्ली दोन-चार शब्द बोलते. काल तिनं मला हाक मारली, तिच्या बहिणीच्या नावानं. कुठल्या बाजूला लिहावं ते कळेना, म्हणून मधल्या रेघेवरच लिहिलं.