तुम्ही विचारलंत म्हणून : ती बकरी उलटी का चालत होती

लग्नात भेटा, दशक्रियेला भेटा, अमळनेरच्या स्टँडवर भेटा, प्रश्न एकच. "काय भो, ती बकरी उलटी काबरं चालनी?" मग टाळी, मग हसणं. विचारणाऱ्यांतल्या निम्म्यांनी पिक्चर पाहिलेला नाही, नुसती बकरी ऐकलेली आहे. म्हणून एकदाच सगळं सांगतो. यानंतर कोणी विचारलं तर हेच वाचायला देणार.

२००४ साली गावातल्या पोरांनी मिळून कराटेच्या स्पर्धेचा तासाभराचा पिक्चर काढला. कॅमेरा लग्नाच्या शूटिंगवाल्याचा. मालेगावात व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी २००० साली 'शोले'ची नक्कल काढली होती, ते ऐकून आमच्याही अंगात आलं. इफेक्टचं खातं माझ्याकडे होतं. म्हणजे बकरी माझ्या खात्यात येते, हे कबूल.

पण बकरी आली ती एका लांब हाताच्या शॉटमध्ये, म्हणून आधी हाताचं बघू. १९७६ साली जिमी वाँग यूचा 'मास्टर ऑफ द फ्लाइंग गिलोटीन' हा कुंगफूचा पिक्चर आला. त्यातल्या स्पर्धेत एक हिंदुस्थानी योगी उतरतो आणि मारताना त्याचे हात लांबच लांब होतात. ते नकली आहेत हे शेंबडं पोरही सांगेल. पण पिक्चर बघून आलेल्या माणसाला कोण कोण लढलं विचारा. चार नावं गाळेल, योगी गाळणार नाही. स्पर्धेच्या पिक्चरची गंमतच ही. गोष्ट तयारच असते. यात्रेतली दंगल जशी रेवड्यांच्या कुस्तीपासून सुरू होऊन मानाच्या कुस्तीवर संपते, तसंच. निर्मात्याला एक आखाडा पुरतो, म्हणून कमी पैशात भागतं. अडचण अशी की दहा-बारा माणसं एकामागून एक लढणार, कोणाचं घरदार दाखवायला वेळ नाही. मग ज्याला त्याला एक करामत वाटून द्यायची. करामत गेली की तो माणूस नुसती गर्दी.

बाकीच्या युक्त्या स्वस्तातल्याच. पडद्यावर सेकंदाला २४ फ्रेम जातात. शूटिंग २०-२२ नं केलं की ठोसे आपोआप चपळ होतात. भिंतीवर उडी मारून चढायचं असेल तर खाली उडी मारायची आणि फिल्म उलटी चालवायची. बुक्की लागो न लागो, आवाज मागून भरायचा. यात फसवणूक आहे असं मला कधी वाटलं नाही. १९९५च्या 'मॉर्टल कॉम्बॅट'ला पैसा बरा होता, त्यात हातानं बनवलेलं आणि कॉम्प्युटरवरचं, दोन्ही सापडतं. चार हातांचा गोरो म्हणजे आत माणूस, वर रबरी सोंग, तोंड यंत्रानं हलवलेलं. आणि एक सरडा आहे, तो कॉम्प्युटरवर काढलेला. सरडा आज बघवत नाही. गोरोशी लढणाऱ्याची नजर मात्र नेमकी लागते, कारण समोर काहीतरी खरंच उभं होतं.

तर आमच्या पिक्चरमध्येही तसाच लांब हाताचा योगी होता. ठिबकची नळी घेतली, तिच्यावर पांघरुणाच्या कापडाची बाही चढवली, आत घरचाच कापूस ठासला, टोकाला रबरी हातमोजा. हा हात समोरच्याच्या छातीवर फेकला की मध्येच लोंबायचा, दुधी भोपळा टांगावा तसा. मग मी उलटा शॉट काढला. पंजा आधीच छातीला टेकवून ठेवायचा, दोरीनं सपकन मागं ओढायचा आणि मिक्सिंगला तो तुकडा उलटा लावायचा. हात सरळ रेषेत सुटून छातीवर आदळतो. आजही तो शॉट बघा. हात सरळच जातो. कोणी हे बोलत नाही.

मागं पाटाच्या कडेला बाभळीखाली एक बकरी पाला खात होती. शॉट उलटा झाला, तीही उलटी झाली. पावलं मागं टाकत बाभळीशी येते, तोंडातून पाला बाहेर काढते आणि फांदीला परत लावून ठेवते. कॅमेऱ्याचा पडदा काडेपेटीएवढा, त्यात ती ठिपक्याएवढी. मिक्सिंगवाल्यालाही दिसली नाही. मारुतीच्या पारासमोर लावलेल्या चादरीवर ती वासराएवढी झाली.

आता जे कोणी विचारत नाही ते. हात लागल्यावर पुढचाच शॉट पडायचा होता. पाटाच्या भिंतीवरून, पाठमोरं, खाली. माझा मित्र पडला. खाली केळीची पानं अंथरली होती, पण तो पानांच्या पलीकडे गेला. त्यात इफेक्ट नाही, दोरी नाही, उलटं-सुलटं काही नाही. खांद्याचं हाड मोडलं. घरी सांगितलं की सायकलवरून पडला. पिक्चरमध्ये तोच शॉट ठेवला, कारण तसा पडणं त्यालाही पुन्हा जमलं नसतं आणि मला पुन्हा बघवलं नसतं.

चादरीवर बकरी आली आणि पार डोक्यावर घेतला लोकांनी. शिट्ट्या, "परत लाव, परत लाव". त्या गोंधळात तो पडला आणि उठला. कोणाची मान तिकडे नव्हती. तो माझ्या शेजारी खांदा धरून बसला होता आणि लोकांबरोबर हसत होता. त्याची माय बायकांतून उठून आली, वाकून म्हणाली, "लागनं का रे तुले?" "नही वं माय, कॅमेराची करामत शे ती," तो म्हणाला. ती काही बोलली नाही. त्याचा खांदा चाचपून बघितला आणि परत जाऊन बसली.

पुढच्या वर्षी तो सुरतेला गेला, मिलमध्ये लागला. तिथंही बकरी पोचली म्हणे.

तेव्हाचा मी म्हणायचो, इफेक्ट कळता कामा नये. कळला तर नापास. आताचा मी म्हणतो, खुशाल कळू दे, पण जे खरं आहे तेही दिसू दे. तेव्हाचा मी विचारतो, बकरी असताना ते दिसणार कसं? माझ्याकडे उत्तर नाही. इतकंच सांगतो की बकरी नसती तर पिक्चरचं नावही आज कोणी काढलं नसतं, आणि हे मला अजिबात आवडत नाही.

आता भाचा म्हणतो, मामा, दोन मिनिटांत बकरी पुसून देतो कॉम्प्युटरवर. मित्राला फोन केला. तो म्हणाला, काढून टाक, एकदा तरी लोकांना माझं पडणं बघू दे. मी म्हटलं, बकरी पुसली तर लोक म्हणतील पडणंही कॉम्प्युटरचंच. त्यानं फोन ठेवला. दिवाळीला आला तेव्हा पुन्हा तेच भांडण, पुन्हा तसंच अर्धवट.

कॅसेट माझ्याकडेच आहे, बकरीसकट. बघायचा असेल तर घरी या. चहा मिळेल. फक्त बकरीला हसून झालं की सांगा, मी मागं घेऊन पुढचा शॉट परत लावतो.