दादाचा घाम आणि सोलापूरचा एप्रिल

दादाच्या मानेच्या मणक्याला मार बसला त्याला सहा वर्षं झाली. छातीखाली त्याला घाम येत नाही. मणक्याला एवढ्या वर मार बसला की शरीराला स्वतःला गार ठेवता येत नाही, हे आम्हाला पहिल्याच एप्रिलमध्ये कळलं. सोलापूरच्या पूर्व भागातलं आमचं पत्र्याचं घर, बाहेर ४२ अंश. अंग तापलं की लोक म्हणायचे, ताप आहे, गोळी द्या. गोळीने काही होत नव्हतं. आईने सोलापुरी टॉवेल ओला करून मानेवर, काखेत ठेवला आणि पंखा लावला, तेव्हा अंग उतरलं.

मागच्या महिन्यात मात्र वेगळंच झालं. अचानक डोकं ठणकायला लागलं, चेहरा लाल, कपाळावर घामाचे थेंब. बीपी १६०. दादाचा नेहमीचा वरचा आकडा १०० च्या आसपास असतो. दवाखान्यात त्याला आडवं झोपवायला निघाले होते. मी हात धरून थांबवलं, कारण अशा वेळी आधी बसतं करायचं असतं. मग पांघरूण बाजूला केलं, तर लघवीची नळी मांडीखाली दुमडलेली! सरळ केली, पिशवी भरली, बीपी उतरलं.

लघवी तुंबणं, शौचास घट्ट होणं, पाठीवरची जखम, एवढ्यानेही मणक्याला असा वर मार बसलेल्यांचं बीपी अचानक चढतं, आणि वेळेत कारण काढलं नाही तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. आता हे सगळं मोठ्या अक्षरांत लिहून त्याच्या खुर्चीच्या खिशात ठेवलंय.